काडेपेटीवरची निळी रेघ

तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजामुळे. दोन बिऱ्हाडांमधली भिंत पातळ होती आणि रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला तिकडून खर्र... मग जरा शांतता... पुन्हा खर्र, असं सुरू व्हायचं. आधी वाटलं, उंदीर असेल. मग वाटलं, कुणी नखानं भिंतीचा रंग खरवडतंय. चौथ्या दिवशी शेजारचं दार उघडं होतं म्हणून उलगडा झाला. शिवणाच्या मशीनवर फळी टाकून ती खिडकीपाशी लिहीत बसली होती. जिभेचं टोक दातांत धरलेलं, नाक कागदापासून चार बोटांवर. समोर जाड पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून ठेवलेल्या, एकेक जेमतेम नखाएवढी.

काय लिहिताय, असं विचारल्यावर तिनं मान वर न करता सांगितलं, "झुरळाचं नाव."

मग ओळ पुरी करून हसून वर पाहिलं. "म्हणजे त्याच्या जातीचं हो. बसा ना."

ती गावातल्या संग्रहालयाच्या कीटक विभागात चिठ्ठ्या लिहायची. तिथे लाकडी खणांत टाचणीला टोचून ठेवलेले हजारो किडे होते. प्रत्येकाच्या पायाशी त्याच टाचणीत एक चिठ्ठी. तिच्यावर जात, सापडल्याचं ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, एवढं सगळं नखाएवढ्या जागेत बसवायचं. जुन्या चिठ्ठ्या पिवळ्या पडून तुटत होत्या, त्या नव्यानं लिहायचं काम तिच्याकडे होतं. तिची अक्षरं इतकी बारीक की विभागातले साहेब तिला मुंगीताई म्हणत. पुढे आमच्या इमारतीतही तेच नाव रूढ झालं. खऱ्या नावानं हाक मारली तर तिलाच ओळखू आली नसती.

ते खर्र करणारं पेन तिला स्टेशनरीवाल्यानं दिलं होतं. शाईचं, अति बारीक निबेचं. "ताई, हे कुणी घेत नाही," तो म्हणाला होता, "चार जणांनी परत आणून दिलं. कागद फाडतं." तिला तेवढी बारीक रेघ दुसऱ्या कुठल्याच पेनातून मिळेना, म्हणून तिनं ते घेतलं. पहिल्या वर्षी त्यानं तिच्या नाकी नऊ आणले. रेघ वर नेली की टोक कागदात अडकायचं, तंतू उचलायचं आणि सुटताना शाईचा फवारा उडवायचा. तिनं निब कोमट पाण्यात भिजवली, दोन पाकळ्यांच्या फटीतून पितळेचा पातळ पत्रा फिरवला, खाकी कागदावर पानंच्या पानं इंग्रजी आठचे आकडे काढले. निब ढिम्म. एक पाकळी केसभर वर होती, ती तशीच राहिली. मग एके दिवशी पेन डावीकडे किंचित कलतं धरलं तर खरखर निम्म्यानं कमी झाली, हे तिच्या लक्षात आलं. त्यापुढचं सगळं तिनं हाताला शिकवलं. रेघ ढकलायची नाही, फक्त ओढायची. भार द्यायचा नाही, अर्धं पेन हवेतच तोलायचं. हात जरा घाईला आला की निब खर्र करून सांगायची आणि हात थबकायचा. असं करता करता सात वर्षांत ती रेघ केसासारखी झाली. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघसुद्धा भिंगाखाली स्वच्छ दिसायची.

तिचा नवरा घड्याळजी. बाजारात छोटं दुकान, डोळ्याला भिंग लावून दिवसभर चाकांत डोकं घातलेलं. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, चारचौघांत गोड बोलणारा. त्याला त्या आवाजाचा मनस्वी तिटकारा होता.

"अगं, त्या उंदराला जरा आवर," तो म्हणायचा. "माझ्या दाढा शिवशिवतात."

"अहो, दहा मिनिटं. एवढे भुंगे झाले की झालं."

"भुंगे झाले की गांधीलमाशा येतील. तुझं हे खानदान संपायचं नाही."

सासूबाई हसायच्या. त्यांना सुनेच्या नोकरीचा राग नव्हता, फक्त ती नोकरी आहे असं त्यांना वाटत नव्हतं. "किड्यांच्या पाट्या लिहिते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यातून ती होती हंगामी. दर सहा महिन्यांनी नवा कागद, नवी सही. घरात शेवटी असं ठरलं की यंदा कायम झाली तर करावी खुशाल. नाही झाली, तर हे पुरे. दुकानात काउंटरवर माणूस लागतंच आहे, तिनं तिथे बसावं. ठरलं म्हणजे तिघांच्या चहात दोघांनी ठरवलं. तिनं मान हलवली, कारण तिला खात्री होती.

खात्री असायला कारणही होतं. विभागात चिठ्ठीलेखकाची एक कायम जागा निघाली होती. उमेदवार दोन: ती आणि नव्यानं आलेला एक झोळीवाला तरुण. सोमवारी दहा ते पाच, दोघांनी आपापल्या पेनानं शंभर चिठ्ठ्या लिहायच्या, मुख्य कार्यालयातले दोन जण भिंगातून तपासणार. साहेबांनी तिला आदल्या आठवड्यातच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुंगीताई, परीक्षा नियमापुरती. तुमच्यासारखं लिहिणारा माणूस आणायचा कुठून?" ती घरी आली तेव्हा जिन्यातच तिचा चेहरा सांगत होता. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडची खरखरसुद्धा जरा तोऱ्यात वाटली.

रविवारी ती माहेरी गेली, आईला बातमी द्यायला. पेन घरीच होतं, फळीवर, फडक्यात गुंडाळून. संध्याकाळी परतली तर नणंद आलेली, सासूबाई खुर्चीत, नवरा हात मागे बांधून उभा.

"डोळे मीट," तो म्हणाला.

तिनं मिटले. हातात पेन आलं.

"आता लिही."

नुकतीच रुमालानं पुसल्यासारखी निब चकाकत होती. तिनं जवळच्या कागदावर एक रेघ ओढली. आवाज झाला नाही. पेन कागदावर कुठे टेकलं, तेच तिला कळेना. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. रेघ पहिल्यापेक्षा दुप्पट जाड होती.

"अख्खा रविवार घातलाय!" घड्याळजी सांगत होता. "भिंगाखाली बघतो तर एक पाकळी वर, एक खाली. सात वर्षं अशी लिहीत होतीस? सारखी केली, मग पॉलिशच्या कागदावर तासभर गोल गोल फिरवली. बघ, लोण्यासारखी चालते की नाही? आण इकडे." त्यानं स्वतः फर्रकन सही करून दाखवली.

"माझ्या नवऱ्यानं कधी माझ्या कात्रीला धार लावून दिली नाही," नणंद म्हणाली. "वहिनी, तुम्ही नशीब काढलंत."

"बोल की काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. "तोंडात गुळणी धरलीय का?"

"छान झालंय," ती म्हणाली. "खूप छान."

दुसरं काय म्हणणार? माझी मोडकी निब मला परत द्या, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं असतं तरी त्या खोलीत ते कुणाला कळलं असतं? तिनं रात्रीच्या स्वयंपाकाआधी दहा चिठ्ठ्या लिहून पाहिल्या. हात सुसाट सुटायचा. सात वर्षं निबेनं लगाम धरला होता, आता धरणारं कोणी नव्हतं.

सोमवारी पहाटे सगळे झोपेत असताना ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरची काडेपेटी घेतली आणि जिथे काडी ओढतात त्या खरबरीत बाजूवर निबेचं टोक हलक्या हातानं चार वेळा घासलं. थोडी तरी खरखर परत येईल, असं तिला वाटलं. आली नाही. टोक तेवढं आणखी बोथट झालं आणि काडेपेटीवर एक निळी रेघ उमटून राहिली. काडेपेटी जागच्या जागी ठेवून ती तयारीला लागली.

परीक्षेच्या टेबलावर तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती. पहिल्या वीस चिठ्ठ्यांतच काय होणार ते तिला दिसलं. चार ओळी मावेनात. तारीख क्रमांकावर चढू लागली. अक्षरांची पोटं शाईनं भरून आली. ती हळू लिहायला गेली तर शाई पसरायची, भरभर लिहायला गेली तर हात वाहवत जायचा. शेजारी झोळीवाला मान खाली घालून एकसारखं लिहीत होता. त्याची अक्षरं काही खास नव्हती, पण पहिल्या चिठ्ठीत होती तशीच साठाव्या चिठ्ठीत होती. दुपारी त्यानं तिच्या कागदाकडे पाहिलं आणि आपल्या झोळीतून दुसरं पेन काढलं.

"ताई, हे घेता का? बारीक आहे."

तिनं घेतलं, चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि परत केलं. चार चिठ्ठ्यांत हात नव्या पेनाला शरण जात नाही. "तुमचं तुम्हाला लागेल," ती म्हणाली. मुलगा भला होता. नंतर कैक दिवस तो तिला चुकवून चालायचा, जणू काही त्यानंच चोरी केली होती.

पाच वाजता साहेबांनी तिची एक चिठ्ठी चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिली. दुसरी पाहिली. मुख्य कार्यालयातले दोघे शेजारीच उभे होते.

"मुंगीताई," ते हळू आवाजात म्हणाले, "आज मुंगळे का झाले हो?"

"पेन बिघडलं, साहेब."

"कुणी बिघडवलं?"

 नवऱ्यानं प्रेमानं सुधारून दिलं, असं सांगितलं तर ते दोघे हसले असते. साहेबही हसले असते. आणि पहाटेची काडेपेटी तिच्या डोळ्यांसमोर होतीच.

"माझ्याच हातून," ती म्हणाली.

साहेबांनी ती चिठ्ठी परत रांगेत ठेवली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं ते निवृत्त झाल्यावर एकदा बोलल्याचं कानावर आलं. त्याचा तेव्हा काय उपयोग!

जागा झोळीवाल्याला मिळाली. घरी तिनं एवढंच सांगितलं, "नाही झालं."

"असं कसं? एवढं पेन सुधारून दिलं तरी?" घड्याळजी खरोखरच चकित झाला होता. तिसऱ्या दिवशी चहासाठी काडी ओढताना त्याला काडेपेटीवरची निळी रेघ दिसली आणि मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो काडेपेटी घेऊन बाहेरच्या खोलीत आला.

"हे काय?"

तिनं काडेपेटी घ्यायला हात पुढे केला. त्यानं ती उंच धरली.

"आई, बघ! अख्खा दिवस घालून मी लोण्यासारखी निब करून दिली, आणि हिनं ती काडेपेटीवर घासली! काडेपेटीवर!"

"अगं बाई! पण का?" सासूबाई म्हणाल्या.

"मला ती पहिल्यासारखी हवी होती," ती म्हणाली. आयुष्यात तिनं या प्रकरणावर आपल्या बाजूनं घरात काढलेलं हे एकच वाक्य.

"पहिल्यासारखी? म्हणजे बिघडलेली?" तो सासूबाईंकडे वळून हसला. हसण्यात राग नव्हता.

पुढच्या महिन्यात ती दुकानात बसायला लागली. काउंटरमागे तिच्यासाठी नवी खुर्ची होती, बुटकी, पाठीला उशी लावलेली. ती पहिल्यांदा बसली त्याच दिवशी सुतार पायांना रबर ठोकायला आला. "ताई, उंची बरोबर आहे ना?" त्यानं विचारलं. "मी दादांना म्हटलं होतं, एकदा वहिनींना आणून मापं देऊ. पण दादा म्हणाले, खुर्चीचं तर मी तिला सांगणारच नाही, आधी बनव. दोन महिने झाले की हो बनवून."

दोन महिने. म्हणजे परीक्षेच्या आधीपासून.

तिनं मागे वळून पाहिलं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून चाकात गुंतला होता, पण सगळं ऐकत होता.

"अगं, तू कायम झाली असतीस तर खुर्ची काय कुजली असती का?" तो मान वर न करता म्हणाला. "गिऱ्हाईक बसलं असतं."

खुर्ची गिऱ्हाइकाच्या बाजूला नव्हती, काउंटरच्या आत होती.  पेन त्यानं मुद्दाम बिघडवलं असं म्हणावं तर पुरावा नाही. ते रविवारचे कष्ट खरे होते, बोटांच्या पेरांवर पॉलिशची काळी पूड दोन दिवस होती. पण ती पास होईल असं त्या घरात तिच्याखेरीज कुणाला कधी वाटलंच नव्हतं, एवढं त्या खुर्चीनं तिला सांगितलं.

आता तीस वर्षं होत आली. सासूबाई गेल्या. घरात कुणी पाहुणे आले, चहा झाला की घड्याळजी ती गोष्ट सांगतो. सांगतो छान, हातवारे करून. अख्खा रविवार, भिंग, वर-खाली पाकळ्या, लोण्यासारखी निब, आणि शेवटी काडेपेटी. पाहुणे पोट धरून हसतात. बायका तिला म्हणतात, "काय हो तुम्ही! नवरा एवढा हौसेनं करतो!" ती कपबश्या गोळा करते आणि म्हणते, "झालं खरं तसं." एकदा एका लहान मुलीनं विचारलं होतं, "पण आजी, तुम्हाला खरखर का हवी होती?" तेव्हा ती ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर घड्याळजीनं दुसरी गोष्ट सुरू केली होती.

भिंतीपलीकडून आता संध्याकाळी काही ऐकू येत नाही. शिवणाचं मशीन गेलं, फळी माळ्यावर आहे. पेन कुठे आहे ते तिला विचारलेलं नाही.

ती रोज दहाला दुकान उघडते, त्याच खुर्चीत बसते, आणि दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधते. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव ती बॉलपेननं लिहिते, मोठ्या अक्षरांत, नवऱ्याला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.