खिशातला गूळ

घोडेगावच्या स्टँडामागे वरातीसाठी घोडी भाड्यानं देणारा एक म्हातारा राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शाळेत शिकवायला जाण्यासाठी शिनोलीची एसटी पकडण्याआधी मी रोज त्याच्या ठेंगण्या घोडीला गुळाचा खडा द्यायचो. मला मधुमेह, गूळ बंद. निदान तिनं तरी खावा, असं मी त्याला सांगायचो. तो हात जोडायचा आणि तिची मान चोळत राहायचा. ती मान दिवसेंदिवस जाड होत होती. मला वाटायचं, माझ्या गुळानं घोडी अंग धरतेय.

एका सकाळी ती पुढचे पाय ताठ करून, सगळा भार मागे टाकून उभी होती. म्हातारा तिच्या खुरांना ओलं पोतं गुंडाळत होता.

"डॉक्टर म्हनले, हिचंबी तुमच्यावानीच हाय. गोड पचत न्हाई, त्यानं मान फुगती, खुरं आतून सुजत्यात. दिवाळीलाच सांगितलं व्हतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"गुरुजी, तुमी पुण्य करायला यायचा. नको कसं म्हनू?"

तेवढ्यात घोडीला माझ्या खिशातल्या गुळाचा वास लागला. दुखरा पाय उचलून तिनं माझ्याकडे एक पाऊल टाकलं.