खेमसिंगने न सांगितलेली खोट

पांढरकवड्याच्या बैलबाजाराच्या तोंडाशी आमचं कासरे, वेसणी, कवड्या आणि घुंगूरमाळांचं दुकान होतं. त्यामुळे बैल विकणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. ती खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. ती फक्त विचारल्याखेरीज काही सांगत नाहीत, आणि विचारलं की भलतंच सांगतात.

या मंडळींचा गुरू म्हणजे खेमसिंग आडे. घाटंजीच्या वाटेवरच्या तांड्यात राहायचा. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. ते दिवस गेले, बैलांचं वेड तेवढं घरात राहिलं. बैलाच्या कमरेवरून एकदा हात फिरवला की आत किती दम आहे ते त्याला कळायचं. रोडावलेला बैल तो कधी जुंपायचा नाही. आधी सरकी-ढेप खाऊ घालून अंग धरू द्यायचा, मग जू. पण तोच बैल विकायचा असला तर गोष्ट वेगळी. सकाळी मिठाचं पाणी पाजून पोट तट्ट फुगवायचं, शिंगांना तेल चोळायचं, गळ्यात आमच्याच दुकानातली घुंगूरमाळ चढवायची. खोट आपल्या तोंडाने सांगायची नाही हा बाजाराचा कायदा, आणि खेमसिंगने तो जन्मभर पाळला.

त्याची बायको धुरपताबाई कवड्या घ्यायला दुकानात यायची. आरसे जडवलेली चोळी, म्हणजे कांचळी, कवड्यांनी जड झालेला घागरा, दंडापर्यंत चुडा, पायांत जाडजूड कडी, आणि केसांत कानांजवळ लोंबणारी चांदीची टोपली. ही टोपली आणि चुडा नवरा असेपर्यंत अंगावरून उतरत नाहीत. बाई फटकळ होती. नवरा बैलाचं कौतुक सांगू लागला की ती मला म्हणायची, "बैलाले जीभ नाही म्हनून याचं चालून राह्यलं." खेमसिंग मिशीत हसायचा.

त्रेसष्ट साली, साठी उलटल्यावर, तिचं डोकं दुखायला लागलं. पहाटे दुखायचं, उलटी झाली की थोडं उतरायचं. भगताने कोंबडं घेतलं, धागा बांधला. पुढे उजव्या हातातून सुई गळायला लागली, डोळ्यांपुढे धुकं आलं, चालता चालता ती पडू लागली. खाल्लेलं पोटात टिकत नव्हतं. दुधात कुस्करलेली भाकरी, तीही चार घास. वर्षभरात बाई निम्मी झाली. पण कांचळी-घागऱ्याच्या आत कोण बघतं? वरून ती होती तशीच दिसायची.

गावातल्या डॉक्टरने डोळ्यांत बत्ती मारून पाहिलं आणि सांगितलं की डोक्यात गाठ असावी, मोठ्या शहरात जा. जफर माझा दोस्त. त्याचा ट्रक हैदराबादेला जायचा, आणि तिथे कवटी उघडून गाठ काढणारे डॉक्टर आहेत हे त्यानेच कुणाकडून तरी ऐकलं होतं. निघायच्या दिवशी धुरपताबाईला ट्रकमध्ये चढवताना पाहून मी थक्क झालो. लग्नाला निघाल्यासारखी नटवली होती. केसांना तेल, होते नव्हते तेवढे दागिने अंगावर. परक्या मुलखात साधंसुधं कसं जायचं, असं खेमसिंग म्हणाला. मला मात्र बाजाराचा दिवस आठवला, आणि तो विचार मनात आल्याची तेव्हा लाजही वाटली.

पुढचं जफरने सांगितलेलं आहे. तो शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिला.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, भला होता आणि घाईत होता. गाठ काढता येण्यासारखी आहे, असं तो म्हणाला. पण म्हातारपणी डोकं उघडायचं तर अंगात ताकद हवी, नाहीतर माणूस टेबलावरून उठतो पण खाटेवरून उठत नाही. ताकद नसेल तर मी हात लावणार नाही.

खेमसिंगच्या कानात शेवटचंच वाक्य शिरलं. गिऱ्हाईक बैल नाकारतंय, एवढंच त्याला कळलं. नाकारलं तर धुरपता परत तांड्यात जाणार, आंधळी होणार आणि डोकं धरून मरणार. तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं तेव्हा नर्सने दागिने उतरवायला सांगितले. नवरा जिवंत आहे, उतरणार नाहीत, असं खेमसिंगने ठणकावलं. मग चुडा, कडी, कवड्या, सगळ्यांसकट तिचं वजन झालं आणि ते बऱ्यापैकी भरलं. मग डॉक्टरने विचारलं, जेवण कसं आहे? झकास. चालतात का? नदीवरून पाणी आणते जी. कधी पडल्या? कधीच नाही. जफरने मध्ये तोंड उघडलं, तर खेमसिंगने त्याच्या पायावर पाय दिला.

ऑपरेशनच्या सकाळी डोकं भादरायचं होतं. आता टोपली काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून खेमसिंगने ती स्वतःच्या हाताने सोडवली. ऑपरेशनसाठी चुडाही उतरवावा लागला, आणि आतून दंड बाहेर आले. जफर म्हणतो, वाळल्या तुराट्या. नर्स धावत गेली आणि डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टरने ते दंड पाहिले. मग त्याने खेमसिंगला बाजूला न नेता, तिथेच, तिच्या खाटेपाशी विचारलं, "बाबा, एकदाच खरं सांगा. ह्या खातात ना? चालतात ना?"

खेमसिंगने बायकोकडे पाहिलं नाही.

"काठीच हाय तिची पयल्यापासून, साहेब. हाडानं मजबूत हाय."

धुरपताबाई शुद्धीत होती. ती गप्प राहिली.

ऑपरेशन छान झालं. गाठ अख्खी निघाली, लिंबाएवढी. डोकेदुखी गेली, उलट्या थांबल्या, डोळ्यांपुढचं धुकं फिटलं. डॉक्टर खुश होता. पण बाई उठेना. बसवलं की मान कलायची. जखम भरायला मागेना, पाठीला खाटेचे फोड आले, छातीत कफ साठला. डॉक्टरची खुशीही उतरत गेली. शेवटी घरी न्यायची परवानगी देताना तो म्हणाला की गाठ हळू वाढणारी होती. ह्यांची खरी हालत कळली असती तर आधी सूज उतरवायचं औषध दिलं असतं, दोन महिने खाऊ-पिऊ घालून अंग धरू दिलं असतं आणि मग डोकं उघडलं असतं.

या वाक्याचा मला आजही संताप येतो. शहाण्या माणसा, हे आधी बोलायला तुझी जीभ झडली होती? ताकद आहे किंवा नाही, एवढे दोनच रस्ते त्याने दाखवले. तिसरा दाखवला असता तर तो खेमसिंगइतका दुसऱ्या कुणाला समजला असता? पण खरं हेही आहे की त्याने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याला बाजारातलं उत्तर मिळालं.

तांड्यात आणल्यावर मी भेटायला गेलो. धुरपताबाईच्या डोक्याला फडकं बांधलेलं, अंगावर साधं लुगडं. एवढी लहान बाई त्या सगळ्या चांदी-कवड्यांच्या आत राहत होती, हे मला तेव्हा दिसलं. तिने मला लांबूनच ओळखलं, डोळे लख्ख झाले होते. खेमसिंग वाटीने पेज पाजत होता, ती ओठांवरून ओघळत होती. तो मान खाली घालून म्हणाला, "म्या इकलं हिले. खोट लपवून इकलं."

धुरपताबाई हसल्यासारखी झाली. आवाज अगदी बारीक होता, मला वाकून ऐकावं लागलं.

"बैलाले जीभ नसते," ती म्हणाली. "मले तं होती. मी काहून नाही बोलली? मलेबी वाटलं, डॉक्टर वापस धाडन."

खेमसिंगने वाटी खाली ठेवली आणि तिच्या उघड्या दंडावर हात ठेवला. कमरेवरून हात फिरवून बैलाचा दम ओळखणारा तो हात तिथेच राहिला. मी उठून बाहेर आलो, मला ते बघवलं नाही.

होळीआधी ती गेली. टोपली आणि चुडा खेमसिंगने तिच्या अंगावर पुन्हा चढवला आणि मगच तिला उचलू दिलं.

त्यानंतरच्या बाजारात तो एक बैल घेऊन आला. पोट फुगवलेलं नव्हतं, शिंगं कोरडी होती. मी सवयीने घुंगूरमाळ पुढे केली, ती त्याने परत माझ्या खुंटीला अडकवली. राळेगावकडचा एक शेतकरी बैलाभोवती फिरला, दात पाहिले, शेपूट ओढलं आणि खोट काय म्हणून विचारलं. उत्तर मिळेल अशी त्याची अपेक्षा नव्हती.

"मागच्या पायात दम नाही," खेमसिंग म्हणाला. "दोन महिने सरकी चार, मंग जुंप."

शेतकऱ्याने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. यात काहीतरी डाव असणार, असं त्याला वाटलं असावं. तो पुढच्या बैलाकडे गेला. खेमसिंग संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होता. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं, आणि अंधार पडायच्या आत बैलाला घरी घेऊन गेला.