कालवं आणि फ्रेंच बाटली

माझे सासरे आप्पा कुणालाही नावाने हाक मारत नसत. खाडीवर जे जे उडतं, पोहतं किंवा चिखलात रुततं, त्यातलं एखादं नाव ते माणसाला देत आणि ते कायम राही. सुनंदाला मागणी घालायला मी पेणजवळच्या त्यांच्या गावी गेलो तो पांढरी पँट, पांढरा शर्ट घालून. ओट्यावरून आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत आवाज दिला, "बगळा आलाय. चहा ठेव गो." लग्न ठरलं, झालं, मला मुलगा झाला, मी बगळाच राहिलो. मुलाचं बारसं करून आम्ही वेगळं नाव ठेवलं, पण आप्पांपुरता तो निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा होता.

आप्पांचा जन्म मिठागरात गेला. हिवाळा संपला की खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, फावड्याने मीठ ओढायचं. त्यांच्या तळपायांना पडलेल्या भेगांत एखादं रोपटं रुजलं असतं. मी रोह्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे हे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे काम दुसरा करतो?" मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

सासूबाई गेल्या आणि आप्पांनी जेवण सोडलं. तसं जाहीर काही केलं नाही. ताट समोर आलं की दोन घोट पेज घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं." डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रोग काही नाही, पण असंच चाललं तर पावसाळा निघणार नाही. सुनंदा रोह्याशेजारच्या अष्टमी गावातलं आमचं बिऱ्हाड माझ्यावर टाकून पेणला जाऊन राहिली. रोज नवा पदार्थ करायची आणि रोज तो शेजारी द्यायची.

त्याच सुमारास कंपनीत मशीन बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला होता. जाताना त्याने मला पांढऱ्या वाइनची बाटली दिली. अजिबात गोड नसते, म्हणाला. थंडगार करायची आणि सोबत कच्ची कालवं, वर लिंबू. त्याच्या गावीही मिठागरं होती, आणि तिथली माणसं हेच खातात-पितात. मिठागरं म्हटल्यावर मला आप्पा आठवले आणि मी रविवारी बाटली घेऊन पेणची गाडी धरली. याला मी तेव्हा उपाय समजत होतो.

बाटली विहिरीत सोडून गार केली. बूच काढायचं हत्यार नव्हतं, म्हणून ते स्क्रूड्रायव्हरने आत ढकललं. शेजारणीला कालवं शिंपल्यांसकट आणायला सांगितलं, तेव्हा तिने सुनंदाला विचारलं, तुमच्याकडे जावई दगड खातात काय? कालवं उघडताना माझा अंगठा कापला. शेवटी थोडंसं कालव आणि थोडासा अंगठा अशी बशी मी आप्पांपुढे ठेवली.

आप्पांनी पेल्यात बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले. गेलेल्या माणसाचा मान आधी. मग एक घोट घेतला. "ताडी दुपारपर्यंत ठेवली की अशी लागते," म्हणाले. मग बशीकडे पाहिलं. "कच्चं बगळं खातंत. माणसं शिजवून खातंत."

आणि ते उठले. माझ्या हातून कोयती घेतली, उरलेली कालवं फोडली आणि चुलीपाशी जाऊन बसले. सुनंदा मदतीला धावली, तिला बाहेर काढलं. आप्पांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. पण कांदा, लसूण, वाटण, चिंच सगळं क्रमाने पडलं. चाळीस वर्षं ते त्या चुलीसमोर जेवायला बसत आले होते. शेवटी मूठभर मीठ टाकलं.

कालव मुळात खाडीचं पाणी पोटात घेऊनच येतं. ओट्यावर पानं मांडली, आणि पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. घाईघाईने वाइनचा घोट घेतला आणि ती उत्तम लागली. फ्रेंच माणूस हिच्याबरोबर खारट का खातो, ते मला तिथे पटलं. सुनंदा खाली मान घालून गिळत होती. मिठागरातल्या माणसाला मीठ जास्त झालं म्हणून कोण सांगणार?

आप्पा मात्र जेवत होते. अर्धी भाकरी संपली, मग थांबले.

"खारट झालंय," म्हणाले. आणखी एक घास घेतला आणि म्हणाले, "मीठ मी पिकवलं. घालायचं किती, ते तिला म्हायीत व्हतं."

सुनंदा रश्शात पाणी घालायला उठली, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "ऱ्हाऊ दे. भाकर आण गो आणखी."

भाकऱ्यांची टोपली माझ्या मांडीजवळच होती. तरी सुनंदा भाकरी आणायला आत गेली. तिला बराच वेळ लागला, आणि आम्ही दोघांपैकी कुणीही तिला हाक मारली नाही.