उपाशी नटांचा आचारी

डेनिसनं दोन फोटो माझ्या जेवणाच्या व्हॅनमधल्या ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "लुक, अंकल."

मी हात पुसले, चष्मा लावला. दोन्ही फोटो मार्कचे. मार्क म्हणजे आमच्या पिक्चरचा हिरो. एका फोटोत गाल बसलेले, दुसऱ्यात चांगले वर आलेले. अडचण अशी, की बसलेले गाल पहिल्या दिवशीचे होते आणि वर आलेले बाराव्या दिवशीचे. पिक्चरच्या गोष्टीत मात्र हा माणूस बारा दिवस उपाशी होता.

डेनिसचं काम कंटिन्युइटीचं. आज नटाच्या गळ्यात मफलर असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो तसाच हवा, दाढी वाढली असेल तर तेवढीच हवी, हे बघणारी बाई. तिनं बाकीच्यांचेही फोटो काढून दाखवले. चारपैकी तीन नट जाड झाले होते.

"निखिल इज कमिंग," ती म्हणाली. निखिल म्हणजे आमचा डायरेक्टर. सांगायला आधी आली. भली बाई.

मी आचारी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं चुलीपुढं. साताऱ्याकडं खाणावळ चालवली. मग मुलानं अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला बोलावून घेतलं. खिडकीत बसून बर्फ बघणं मला जमलं नाही. लायसन काढलं, किचन भाड्यानं घेतलं आणि मराठी मंडळींची जेवणं करायला लागलो. निखिल तिथंच भेटला. पुण्याचा पोरगा, जर्सी सिटीतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून पिक्चर काढायला निघालेला.

दोन हजार सहाचा हिवाळा होता. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला एका गोठलेल्या तळ्याकाठी शूटिंग. गोष्ट अशी, की लहान विमान जंगलात पडतं, चार माणसं वाचतात, तीन आठवडे खायला मिळत नाही आणि शेवटी एका डब्यासाठी सगळे सुरे काढतात.

"काका, भूक लागली की माणसाचं जनावर होतं. मला ते दाखवायचंय," निखिल म्हणायचा.

त्याला मेकअप नको होता. खरोखर वाळलेली माणसं हवी होती. म्हणून पिक्चर गोष्टीच्या क्रमानं शूट करायचा आणि चौघा नटांना रोज फक्त सूप, दोन उकडलेली अंडी आणि एक सफरचंद द्यायचं. चौघांनी कबूल होऊन सह्या केल्या होत्या. बाकीच्या अठरा जणांना पोटभर. मला हे पटलं नव्हतं, पण काम घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी मार्क व्हॅनच्या मागच्या दारात आला. मी मक्याच्या पिठाच्या भाकरी थापत होतो. इकडं तिकडं बघून म्हणाला, "अंकल, एकच. बाकीच्यांना सांगू नका. ते बिचारे खरंच पाळतायत." एक म्हणून तीन भाकरी खाल्ल्या, पिठल्यासकट. दुसऱ्या दिवशी दुसरा नट आला. बोलणं तेच. मग तिसरा. त्याचंही तेच. आपण एकटेच चोर आणि बाकीचे साधू, असं तिघांनाही वाटत होतं. मी तिघांनाही वाढलं. तिघांनाही कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. माझ्या चुलीसमोर हात पसरलेला माणूस मी परत पाठवत नाही, आणि दिलेला शब्द तोवर मोडला नव्हता.

निखिल आला तो तापूनच.

"काका, तुम्ही ह्यांना खायला घालताय?"

"मला भाकरी करायला आणलंयस. पहारा द्यायला आणलेलं नाहीस."

"कुणाकुणाला?"

"ते सांगणार नाही. शब्द दिलाय."

"काका, यार, अख्खा पिक्चर ह्यावर उभा आहे! एकटा वॉल्टर करेक्ट दिसतोय. ह्याला म्हणतात प्रोफेशनल. बघा त्याच्याकडं!"

मी बघितलं. वॉल्टर चौथा नट, साठी ओलांडलेला, पिक्चरमध्ये वाटाड्या झालेला. लांब एका खोक्यावर बसून कोटाचं बटण लावत होता. बोटांना काज सापडेना. दोनदा चुकला. मग त्यानं हात मांडीवर ठेवले आणि बटण तसंच सोडून दिलं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मी सुकडी शिजवायला होतो. तिथं मी भूक बघितलीय. भुकेला माणूस आरडाओरडा करतो तो सुरुवातीला. पुढं गप्प होतो. वाटी समोर ठेवली तरी हात लवकर उचलत नाही. सुरा काढायला अंगात ताकद लागते, ती आणायची कुठून?

आणि मग माझीच मला लाज वाटली. वॉल्टर माझ्या दारात आलाच नव्हता. पहिल्या दिवशी मी त्याला आणखी सूप विचारलं, तो "नो, थँक यू" म्हणाला आणि मी वळलो. आपल्याकडं पंगतीत माणूस नको म्हणाला तरी वाढपी दोनदा वाकून विचारतो. ताटावर हात आडवा धरला तरी बाजूनं वाढतो. पण इथं आल्या आल्या सूनबाईनं बजावलं होतं, "बाबा, इकडं आग्रह करायचा नाही. नो म्हणजे नो." मी ते इमानानं पाळलं. बारा दिवस मागणाऱ्यांना वाढत राहिलो आणि न मागणाऱ्याकडं फिरकलो नाही.

"निखिल, ह्याला आत्ता जेवू घालू दे," मी म्हणालो.

"आज त्याचा तळ्यावरचा सीन आहे. लाइट तीनपर्यंतच मिळेल. सीन झाला की घाला."

"बर्फावरनं दोनशे पावलं चालायचंय त्याला. पडेल तो."

"काका, ॲडल्ट आहे तो. सही केलीय त्यानं."

मी गॅस बंद केला. पातेल्यांवर झाकणं ठेवली, व्हॅनला कुलूप लावलं आणि पायरीवर बसलो. वॉल्टर जेवेपर्यंत कुणालाच जेवण नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

जेवणाची वेळ बाराची. सव्वा बारापर्यंत लोक हसत होते. साडेबाराला साउंडवाला म्हणाला, त्याची शुगर उतरते. पाऊण वाजता कॅमेरामननं हातमोजे बर्फात आपटले. एक वाजता लाइटवाला निखिलला तोंडावर म्हणाला, "म्हाताऱ्याला खायला घाल, नाहीतर दिवे तूच लाव." ह्यातल्या एकानंही बारा दिवसांत वॉल्टरची चौकशी केली नव्हती.

निखिल पायरीपाशी आला. "घाला, काका."

बरेच दिवस रिकाम्या असलेल्या पोटाला भाकरी चालत नाही. मी गुरगुट्या भात केला, वर वरणाचं पाणी. वॉल्टरला धरून आणलं, वाटी समोर ठेवली. त्यानं वाटीवर हात आडवा धरला.

"नो, थँक यू. ही पोरं उपाशी आहेत. मी एकटा कसा खाऊ?"

तिघं पोरं मागंच उभी होती. मी मार्ककडं बघितलं, मग दुसऱ्याकडं, मग तिसऱ्याकडं. प्रत्येकाला वेळ दिला. एक झाडाकडं बघत होता, दोघं बुटांकडं.

तेव्हा मी शब्द मोडला. माझ्या इंग्रजीत मोडला. "दे ईट. ऑल थ्री. माय बॅक डोअर. एव्हरी डे."

तिघांपैकी एकानंही वॉल्टरकडं बघितलं नाही. तिघं एकमेकांकडं बघायला लागले. मार्कनं शेजारच्याला हळूच विचारलं, "तू कधीपासून?"

वॉल्टरनं तिघांकडं बघितलं. मग वाटीवरचा हात काढला आणि मला म्हणाला, "मीठ आहे का?"

तळ्यावरचा सीन त्या दिवशी झाला नाही. दोन दिवस शूटिंग बंद राहिलं. निखिल खोलीत बसून लिहीत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं कागद वाटले. सुऱ्यांची मारामारी गेली होती. तिच्या जागी वाचलेल्यांतले तिघं आपापला लपवलेला डबा एकेकटे खातात आणि चौथ्याला ते कळतं, एवढंच. गाल मेकअपवालीनं बसवले. पिक्चर पुढं चार-दोन फेस्टिव्हलला लागला. लोक त्या सीनबद्दल बोलायचे, असं निखिलनंच फोन करून सांगितलं.

"जनावर दिसलं का रे त्यात?" मी विचारलं.

"नाही हो, काका. माणसंच दिसतात. म्हणून तर बघवत नाही."

मार्क शूटिंग संपेस्तोवर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जेवायला मात्र तिन्ही वेळा यायचा, आता पुढच्या दारानं.

तेव्हापासून काम घेताना मी एक अट घालतो. कुणाला वाढायचं ती यादी द्या, कुणाला वाढायचं नाही ती देऊ नका. ह्या अटीपायी दोन कामं गेली. गेली तर गेली.