दात न आलेल्यांची जागा

लिजोला आमच्या कोळीवाड्यात कुणी परका म्हणालं की मी भांडायला उठते. मी नलू, त्याची शेजारीण. सुकी मासळी विकते, तोंडाची फटकळ हाय, सगळ्यांना ठाऊक हाय.

त्याचा बाप कुरियन पास्टर. केरळातनं येशूचं सांगायला बायकोसंगं दिवेआगरच्या अलीकडं आमच्या गावात आला आणि राहिला. एक माणूस बाटला न्हाय, पण ताप आला की गोळीला सगळे त्याच्याच दारात. लिजो इथंच जन्मला. घरात मल्याळम, बाहेर आमची बोली. बाप म्हणायचा, प्रसादाला हात लावू नको. माझी आय चंद्राबाई त्याच्या तोंडात नारळीपुनवेची करंजी कोंबायची. पोरगं बिचारं खायचं आणि तोंड धुऊन घरी जायचं. पुढं केरळात शाळेला ठेवला, तर तिथली पोरं त्याच्या बोलण्याला हसली. ना घरचा ना घाटचा. परत आला आणि सदानानांच्या होडीवर जायला लागला.

यंदा पावसाळ्यात कुरियन वारला. मरताना एकच मागणं, मला लेकीशेजारी पुरा. लिजोच्या पाठची ती पोर, अंगावर पीत असतानाच गेली होती. आमच्यात दात न आलेलं लेकरू जाळत न्हायत, सुरूच्या बनामागं पुरतात. तेव्हा तिचा धर्म कुणी विचारला न्हाय. माझ्या आयनंच तिला पदरात गुंडाळून नेलं होतं.

लिजो पंचांपुढं उभा राहिला. पंचांतले म्होरके सदानानाच. ते म्हणाले, "ती जागा लेकरांची हाय. मोठ्या माणसाला तिथं पुरायचा रिवाज न्हाय. आज पुरशील, उद्या क्रूस उभा करशील."

"क्रूस न्हाय लावनार, नाना."

"न्हाय म्हंजे न्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "त्याच्या गोळ्या खाताना रिवाज कुठं गेला व्हता?" पंच म्हणाले, बाईमाणसानं मधी बोलू नये.

तेव्हा लिजोची आई मोडक्या मराठीत बोलली, "मग माझी मुलगी द्या. दोघांना केरळला नेते." याला मात्र कुणी न्हाय म्हणू शकलं न्हाय.

लिजोनं फावडं घेतलं, मी मागोमाग गेले. पण अशा लेकरावर आमच्यात दगडसुद्धा ठेवत न्हायत, आईचा जीव तिथं घुटमळू नये म्हणून. जागा माहीत होती माझ्या आयला, आणि आय आता न्हाय. वादळात सुरूची झाडंही आडवी झाली. त्यानं इथं खणलं, तिथं खणलं. एका खड्ड्यात काळ्या मण्यांची इवलीशी मनगटी लागली.

"बाबांनी असलं बांधूच दिलं नसतं," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. "पन तुझ्या आयनं चोरून बांधलं असंल तर?"

मला काय सांगता येणार? कुणाच्या तरी लेकराचं ते. त्या वाळूत माझा थोरला भाऊ पण हाय. लिजो खाली बसला आणि हमसून हमसून रडला. मग हातानंच वाळू लोटून खड्डा बुजवला.

शववाहिका आली. लिजोची आई मागं बसली, तो पुढं. सदानाना खिडकीशी जाऊन म्हणाले, "लवकर ये रं, मोसम सुरू व्हतोय."

"येईन," लिजो म्हणाला. "माझी भन हाय हितं. पन तुमच्या होडीवर न्हाय."