गयामावशीचा चौदावा दिवस

आमच्या भागात कुणाचा खून झाला, कुणाची लेक सासरी जाळली गेली, तर गयामावशी तेरा दिवस त्या घराकडे फिरकत नसे. चौदाव्या दिवशी मात्र शेळ्या शेजारणीच्या हवाली करून, फडक्यात चार भाकरी बांधून ती हजर होई. “तेराव्यापस्तोर अख्खं गाव ऱ्हाते. चौदाव्या दिशी उठलं की चुलीपाशी आपन एकटंच,” ती म्हणायची. स्वतःच्या लेकीच्या वेळी तिनं ते भोगलं होतं. मावशी जाऊन आता वर्ष होईल.

जवळा बाजार या गावात माझं कापडाचं दुकान आहे. मी तिच्या कामात कसा आलो, असं कुणी विचारलं की मी ‘सामाजिक जाणीव’ हा शब्द वापरत असे. खरी गोष्ट अशी, की एका बाजाराच्या दिवशी बांधाच्या भांडणावरून एकानं गावातल्या सुनीता नावाच्या बाईच्या नवऱ्याला माझ्या दुकानासमोर कुऱ्हाडीनं मारलं. मारणाऱ्याचा चेहरा मी चार हातांवरून पाहिला आणि शटर ओढलं. पोलिसांना म्हणालो, “मी आत माल लावत होतो.” बाजारात शेकडो माणसं होती. त्या दिवशी सगळीच आत माल लावत होती.

चौदाव्या दिवशी मावशी सुनीताकडे निघाली, तेव्हा मी आपणहून गाडी काढली. तिथं बसल्याबरोबर ‘काळ हेच औषध’ वगैरे सुरू केलं. मावशीनं माझ्या हातात घागर दिली. “शेठ, पानी आना. तुमचं तोंड लई चालून राहिलं.”

मग तीन वर्षं मी पाणी आणलं, डबे पोचवले, दर तारखेला दोघींना हिंगोलीच्या कोर्टात नेलं. लोक मला भला माणूस म्हणू लागले. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडू लागलं.

एका तारखेला शेवटचा साक्षीदारही फिरला. परतताना सुनीताला घरी सोडलं, पण मावशी गाडीतून उतरेना.

“शेठ, तिला डबा कमी न्हाई पडून राहिला. साक्षीदार कमी पडून राहिला.”

मी गाडी बंद केली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोनी न्हाई. इतका चांगला मानूस मी जल्मात पायला न्हाई. तवाच म्हनलं, काईतरी गडबड हाय.”

मी कारणं सांगितली. दुकान आहे, लेकरं आहेत, आरोपीचे भाऊ रोज समोरून जातात. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“बराबर हाय. भेव तं तिलाबी हाय. ती जाते का न्हाई तारखेला? पन आधी तिला सांगा. कोर्टात पयल्यांदा कळाया नको.”

मी सुनीताला सांगितलं. मी नेलेला डबा तिनं माझ्या हातात परत दिला आणि दार लावून घेतलं.

मग मी सरकारी वकिलांना भेटलो; त्यांनी अर्ज केला आणि मला साक्षीचं बोलावणं आलं. जे पाहिलं ते सांगितलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, “तीन वर्षं गप्प का होता?” या प्रश्नासाठी मी आरशासमोर एक भारदस्त उत्तर पाठ केलं होतं. तोंडून निघालं एवढंच, “भ्यालो होतो, साहेब.” मागं कुणीतरी हसलं.

पुढे आरोपीला शिक्षा झाली, पण मला आठवतो तो साक्षीचाच दिवस. सुनीता कोर्टाबाहेर आली आणि माझ्याकडे न बघता बसस्टँडच्या वाटेला लागली. मी मावशीला म्हणालो, “एक शब्दही बोलली नाही ती.”

मावशी तिच्या मागे निघाली होती. ती थांबली. “तिनं बोलावं म्हनून साक्ष देली का?”

“नाही, नाही, तसं कसं?” मी घाईघाईनं म्हणालो.

खरं बोलण्याची शपथ घेऊन अजून तासही झाला नव्हता.