मॅग्मा म्हणजे मळलेला गोळा

ओल्या कणकेचा वास आला की मला अल्लीपूरच्या आमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवते. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. वांग्याच्या वावरातल्या विहिरीला काळा पाषाण लागला होता आणि सुरुंग लावायला आलेल्या माणसांचं जेवण आमच्याकडे होतं. मी मोठ्या परातीत कणीक मळत होते, आई चुलीपाशी होती. बाबा आत आले ते हातात फुटलेल्या दगडाचा तुकडा घेऊन. त्यांच्या सदऱ्याला सुरुंगाच्या दारूचा जळका वास येत होता. आदल्याच दिवशी वर्धेच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या सरांनी शिलारसाला मॅग्मा का म्हणतात ते सांगितलं होतं. मला राहवलं नाही. "बाबा, हा दगड पहिले जमिनीखाली वितळलेला होता. त्याले मॅग्मा म्हणते. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मळलेला गोळा. हा असा, कणकेसारखा!" बाबा माझ्या परातीकडे बघून हसले आणि आईला म्हणाले, "आयकलं का? कणीकच मळाची हाय, त पोरीले रोज वर्धेले काऊन धाडून राह्यलो आपण?" ओसरीवर बसलेली माणसंही हसली. आईने न हसता चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मी मात्र हसले, आणि तेच अजून खुपतं. पुढच्या महिन्याचा एसटीचा पास निघाला नाही. उन्हाळ्यात लग्न निघालं. परवा नातीने पुस्तकातला तोच शब्द दाखवून अर्थ विचारला. मी मळता मळता सांगितला, आणि म्हटलं, "घरात कोणाले सांगू नोको."